तत्त्वतः इस्माईलभाई

इस्माईलभाई परकारांना "चहा घेणार का?" असं विचारलं की ते म्हणत, "चहाला तत्त्वतः मान्यता आहे."

हा होकार असे. साखर किती घालू, असं विचारलं तर म्हणत, "तो विषय विचाराधीन ठेवा." त्यांना मधुमेह होता. विचाराधीन म्हणजे एक चमचा. पण तो चमचा इस्माईलभाईंनी मागितला असं पुढे कुणाला म्हणता येऊ नये, एवढीच काळजी. पहिल्या वर्षी मी त्यांना बिनसाखरेचा चहा देत असे आणि तोंड वाकडं न करता ते तो पीत. दुसऱ्या वर्षी मला भाषा कळायला लागली.

नुसतं "हो" किंवा नुसतं "नाही" त्यांच्या तोंडून निघत नसे. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत कोण आहे ते कळेना. मी दाराला तोंड लावून विचारलं, "आत कोण आहे? ठीक आहात ना?" आतून शांत आवाज आला, "परिस्थिती नियंत्रणात आहे. तथापि, दार उघडण्याबाबत सकारात्मक विचार व्हावा." मी बाकीच्यांना सांगितलं, इस्माईलभाई आहेत, आणि घाबरलेत.

आम्ही कुवेतमध्ये सालमिया भागात राहायचो. दुसऱ्या मजल्यावर मी, माझा नवरा शिरीष आणि आमची दोन मुलं. तिसऱ्यावर इस्माईलभाई, एकटे. शिरीष रिफायनरीत इंजिनियर, मी तिथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवत असे. इस्माईलभाई शुवैख भागात, एसीचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस सांभाळत. मूळ गाव रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. पण कुवेतला येण्याआधी मुंबईत मंत्रालयात ते काही वर्षं कनिष्ठ लिपिक होते, आणि माणसाला जशा कांजिण्या एकदाच येतात पण खुणा राहतात, तसं त्यांचं झालं होतं. नोकरी सुटून कितीतरी वर्षं लोटली तरी भाषा सुटली नव्हती.

त्या भाषेत भर पडली ती एका विलायती मालिकेने.

मालिकेचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांनी आत्ताच ओळखली असेल, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी ती आपापल्या ऑफिसात पाहिलेली आहे. एक मंत्री असतो. त्याच्या खात्याचा एक सचिव असतो. मंत्र्याला सकाळी काहीतरी चांगलं करावंसं वाटतं. संध्याकाळपर्यंत सचिव त्याला पटवून देतो की ते त्याला कधी करावंसं वाटलंच नव्हतं. एवढंच कथानक. गाणी नाहीत, मारामारी नाही, बाई क्वचित. सगळेजण काळे कोट घालून खुर्च्यांवर बसलेले असतात आणि बोलत असतात.

इस्माईलभाईंच्या कंपनीत पूर्वी एक इंग्रज मॅनेजर होता. तो कायमचा परत गेला तेव्हा त्याने कुणाला सोफा दिला, कुणाला गालिचा, आणि इस्माईलभाईंना या मालिकेच्या कॅसेटांचं खोकं. इस्माईलभाईंनी सोफ्याची आशा धरली होती. पण पहिली कॅसेट पाहिली आणि ते थक्क झाले. "वहिनी," ते मला सांगत, "मंत्रालयात मी चौथ्या मजल्यावर ज्या टेबलाशी बसायचो ना, त्याच्याच मागे कुणीतरी इंग्रज लपून सगळं लिहून घेत होता. फक्त पानाच्या पिचकाऱ्या तेवढ्या गाळल्या आहेत."

नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा इस्माईलभाई बायको-मुलीला घेऊन बाहेर पडले. पुढच्या वर्षी सगळं निवळल्यावर कंपनीने परत बोलावलं, ते एकटे परत आले आणि त्यांनी आपल्या फ्लॅटचं दार उघडलं. उघडलं म्हणजे ढकललं; कुलूप नव्हतं. फ्रिज गेला होता, टीव्ही गेला होता, पंखे गेले होते, पडदेसुद्धा गेले होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फरशा कुणीतरी नीट काढून नेल्या होत्या. रिकाम्या खोलीच्या मधोमध ते खोकं होतं, जसंच्या तसं. लुटारूंनी एक कॅसेट बाहेर काढून पाहिली असावी, कारण ती वेगळी पडली होती.

"त्यांना राजकारण नको होतं," इस्माईलभाई म्हणत. "त्यांच्याकडे पुरेसं होतं."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवण आटोपल्यावर, तिसऱ्या मजल्यावर एक भाग लागत असे. आम्ही त्या इमारतीत आलो तेव्हा हा रिवाज पक्का झालेला होता. प्रेक्षक ठरलेले: शिरीष, मी, तळमजल्यावरचे मल्याळी अकाउंटंट कुरियन, आणि इमारतीचा रखवालदार महमूद. महमूद इजिप्तचा, त्याला इंग्रजीचा एक शब्द कळत नसे. पण सचिवाने भुवई उचलली की तो मांडीवर थाप मारून हसे आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणे, "मुदीर, मुदीर." मुदीर म्हणजे मॅनेजर. ज्या मॅनेजरकडे तो इमारतीच्या तक्रारी घेऊन जाई, त्याचीही भुवई अशीच असावी.

कॅसेटा फिरून फिरून झिजल्या होत्या. मंत्र्याचा चेहरा मधूनच डावीकडे वाहत जायचा. इस्माईलभाई म्हणत, "दबाव येतोय." मग व्हीसीआरच्या डोक्यावर हलकी चापट मारली की मंत्री जागेवर येई.

गंमत अशी की प्रत्येकाला तीच मालिका वेगळीच दिसे. शिरीषला त्यात रिफायनरीचा मेंटेनन्स विभाग दिसे. कुरियनना त्यांच्या चर्चची कमिटी. मला आमची स्टाफ मीटिंग दिसे, इतकी स्वच्छ की एकदा शनिवारी मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि मला आदल्या दिवशीचा सचिव आठवून खोकल्याचा बहाणा करत बाहेर जावं लागलं. जुनी, परक्या देशाची, परक्या लोकांची गोष्ट अजून इतकी ताजी कशी, असं मी इस्माईलभाईंना एकदा विचारलं.

"ती सरकारची गोष्ट नाही वहिनी," ते म्हणाले. "टेबलाची आहे. जिथे टेबल आहे, आणि टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस आहे, आणि दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे, तिथे ती चालू आहे. सरकारं येतात-जातात. टेबल सागवानी असतं."

माझी मुलगी मुक्ता तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. एका शुक्रवारी ती वर येऊन माझ्याशेजारी बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बट मम्मा, नोबडी इज डुइंग एनीथिंग."

इस्माईलभाईंनी कॅसेट थांबवली. "हिला कळली," ते म्हणाले, आणि तिला आतून चॉकलेट आणून दिलं.

त्यांच्या या विद्येचा मला प्रत्यक्ष फायदा झाला तो एकदाच. आमच्या शाळेच्या स्टाफरूममधला एसी उन्हाळा सुरू होता होता बंद पडला. कुवेतच्या मे महिन्यात एसी बंद पडणं म्हणजे काय, हे सांगण्यात अर्थ नाही. तिथे राहिलेल्याला सांगायला नको आणि न राहिलेल्याला पटणार नाही. आम्ही बायकांनी तीनदा अर्ज दिला. तीनदा उत्तर आलं की बघू. मी हताश होऊन इस्माईलभाईंकडे गेले. मनात हेतू असा, की हा माणूस एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत आहे, एखादा भाग स्वस्तात मिळवून देईल.

त्यांनी मला भाग दिला नाही, मसुदा दिला.

"तुम्ही अर्जात मागणी लिहिली," ते म्हणाले. "ही चूक झाली. मागणी नाकारता येते. शंका लिहा. शंका नाकारता येत नाही, तिचं निरसन करावं लागतं."

मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: शिक्षकांनी सध्याच्या तापमानात बसावं असं शाळेचं धोरण आहे असं आम्ही समजतो. पालकांनी विचारल्यास त्यांना दाखवण्यासाठी या धोरणाची एक प्रत मिळावी, ही विनंती.

पुढच्याच आठवड्यात नवा एसी आला. तो मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसला आणि त्यांचा जुना स्टाफरूममध्ये. मी हे इस्माईलभाईंना जरा हिरमुसून सांगितलं.

"पूर्ण यश," ते म्हणाले. "पूर्ण यश नेहमी असंच दिसतं. तुम्हाला नवा मिळाला असता तर मला काळजी वाटली असती."

आता त्यांच्या घराबद्दल सांगते, म्हणजे रत्नागिरीच्या घराबद्दल.

बायको झुलेखाभाभी आणि मुलगी नसीम नव्वद साली गेल्या त्या तिकडेच राहिल्या. "ती तात्पुरती व्यवस्था आहे," असं इस्माईलभाई म्हणत. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा तात्पुरत्या व्यवस्थेला पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांचा पगार बरा होता, फ्लॅट दोन खोल्यांचा होता, कागदपत्रांत अडचण नव्हती. तरी त्यांना बोलवायचा विषय निघाला की ते म्हणत, "त्याबाबत सकारात्मक विचार चालू आहे." वर्षातून एक महिना ते सुट्टीवर जात आणि परत येत. त्या नव्वद सालच्या प्रवासाबद्दल आम्ही कधी विचारलं तर एवढंच म्हणत: "परतीचा प्रवास थोडा लांबला." बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर वाळवंटातले तंबू, मग अम्मान, मग विमान, हा रस्ता त्या वेळी ज्यांनी ज्यांनी काढला त्यांच्या तोंडून आम्ही तो ऐकलेला होता. इस्माईलभाईंच्या तोंडून एक वाक्य. आम्हीही पुढे विचारलं नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी ते घरी फोन करत. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच हवेच्या पोकळीत उघडत, त्यामुळे पोळ्या करताना मला त्यांचं बोलणं ऐकू येई. ऐकायचं नाही असं ठरवूनही येई. घरी ते कोकणी बोलत, पण तीतही मंत्रालय शिरलं होतं. तब्येत? समाधानकारक. जेवण? व्यवस्था झालेली आहे. येणं? यथावकाश. नसीमच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी त्यांनी तिला फोनवर सांगितलं की तिच्या निर्णयाचं सर्व स्तरांवर स्वागत आहे. सर्व स्तर म्हणजे ते एकटेच तिसऱ्या मजल्यावर उभे होते.

झुलेखाभाभींशी माझी ओळख फोनवरूनच झाली. मी उन्हाळ्यात पुण्याला जाई तेव्हा इस्माईलभाई माझ्याबरोबर घरच्यांसाठी सामान देत: दुधाची पावडर, बदाम, अत्तर, एखादा कापडाचा तुकडा. मी ते पुण्याहून पुढे पाठवी, आणि मिळालं की भाभींचा फोन येई. आवाज खणखणीत. आभार मानून झाल्यावर त्या दर वेळी तोच प्रश्न विचारत.

"वहिनी, ते समाधानकारक म्हणतात. म्हणजे कसे आहेत?"

मी सांगे. बारीक झालेत का, डाळ-भात खातात की नुसती पावरोटी, खोकला गेला का, केस किती उरले. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "बरं झालं. मला कुणीतरी मराठीत सांगणारं पाहिजे होतं."

दोन हजार तीन साल उजाडलं आणि पुन्हा युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या. या वेळी फौजा आमच्या बाजूने इराकमध्ये जाणार होत्या, पण क्षेपणास्त्रांना बाजू कळत नाही. दुकानांतून चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिकचे ताव संपायला लागले. एक खोली बंद करून तिच्या खिडक्या चिकटपट्टीने सील करा, असं सगळे एकमेकांना सांगत होते. शिरीषच्या कंपनीने परिपत्रक काढलं: कर्मचाऱ्यांनी अनावश्यक घबराट टाळावी.

त्या शुक्रवारी भाग संपल्यावर शिरीषने ते परिपत्रक इस्माईलभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"अनावश्यक टाळा म्हणतात," ते म्हणाले. "आवश्यक घबराटीला हरकत दिसत नाही."

आम्ही हसलो. कुरियन तर डोळे पुसत होते. इस्माईलभाई हसले नाहीत. परिपत्रकाची घडी घालून ते शिरीषला परत देत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वहिनी, मुलांना पाठवा."

"म्हणजे, विचार करू आम्ही," मी म्हटलं.

"विचार करू नका. या आठवड्यात पाठवा."

इतकी सरळ दोन वाक्यं त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकली, आणि लिफ्टमध्ये ते घाबरले होते त्यापेक्षा मी जास्त घाबरले. माझी आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आलेली होती. तिच्याबरोबर मुक्ता आणि ओंकारला पुण्याला पाठवलं. मी राहिले. शिरीषला कंपनी सोडत नव्हती आणि मी शिरीषला. शाळा बंद झाली होती. मी दिवसभर घरात चिकटपट्ट्या लावत असे आणि शिरीष ड्युटीवरून आला की त्या तपासत असे.

इस्माईलभाईंनी काहीच लावलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उपाययोजना प्रस्तावित आहे." शेवटी मी आणि कुरियनच्या बायकोने जाऊन त्यांची झोपायची खोली बंद करून दिली. ते बाजूला उभे राहून कात्री धरत होते. त्या वेळी पाहिलं, त्यांच्या पलंगाच्या उशाशी तीन गॅस मास्क होते. बाजारात तेव्हा एक मिळायची मारामार होती. मी म्हटलं, "तीन कशाला, इस्माईलभाई? तुम्ही तर एकटे."

"खरेदी करताना लक्षात आलं नाही," ते म्हणाले.

मग ते दिवस सुरू झाले. पहिला भोंगा वाजला तेव्हा भर दुपार होती. शिरीष रिफायनरीत होता. भोंग्याचा आवाज आधी लांबून, मग जवळच्या शाळेच्या गच्चीवरून आला, वर चढत गेला आणि उतरेचना. मी पर्स उचलली, का ते देव जाणे, आणि जिन्याने खाली धावले. इमारतीला सरदाब होतं, म्हणजे तळघर. तिथे मालकाचे जुने टायर आणि मोडकं फर्निचर भरलेलं असे. महमूदने ते सगळं एका बाजूला लोटून जागा केली होती. कुरियन, त्यांची बायको, पहिल्या मजल्यावरचं सीरियन कुटुंब, सगळे तिथे भिंतीला टेकून उभे होते.

इस्माईलभाई शेवटी आले, सावकाश, कठड्याला धरून. पण ते आत आले नाहीत. तळघरात मोबाइलला रेंज येत नसे, म्हणून ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले. त्यांना म्हणावं आत या, म्हणून मी वर गेले, तोवर त्यांचा फोन वाजला होता. रत्नागिरीला टीव्हीवर बातमी लागली होती.

त्यांनी मला हाताने थांबा अशी खूण केली. मी दोन पायऱ्या खाली बसले.

"हां, झुलेखा," ते म्हणाले. "परिस्थिती समाधानकारक आहे. आम्ही लक्ष ठेवून आहोत. घाबरण्याचं..."

तेवढ्यात दुसरा भोंगा सुरू झाला. त्या जिन्यात तो इतका मोठा घुमला की मी कानांवर हात ठेवले. इस्माईलभाईंनी फोन छातीशी धरून झाकला, पण त्याचा उपयोग नव्हता. भोंगा थांबल्यावर त्यांनी फोन कानाला लावला. मला वाटलं, लाइन गेली.

मग ते बोलायला लागले. कोकणीत बोलत होते, अगदी घरच्या, आणि तीत मंत्रालयाचा एक शब्द नव्हता. मी ते माझ्या मराठीत सांगते.

"भोंगा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा वाजला. आम्ही जिन्यात बसलो आहोत. मला भीती वाटते, झुलेखा."

थोडा वेळ ते ऐकत राहिले.

"तेव्हाही वाटली होती. त्या तंबूत नसीमला ताप आला होता, पाण्याची गाडी दोन दिवस आली नव्हती. तू झोपली होतीस. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो, श्वास चालू आहे का बघत. तेव्हा मी ठरवलं की पुन्हा तुम्हा दोघींना इथे आणायचं नाही. तुला तसं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग तुम्हीही या. आणि मला यायचीही भीती वाटत होती. तिथे येऊन मी काय करणार होतो? म्हणून मी आज-उद्या करत राहिलो. एवढंच आहे. दुसरं काही नव्हतं. तुला काय काय वाटलं असेल."

मी उठून जायला हवं होतं. पण मी तिथेच बसून राहिले.

पलीकडे भाभी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने इस्माईलभाई फोन कानाशी तसाच धरून माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "तिला माहीत होतं. वहिनी, ती म्हणते, तिला पहिल्यापासून माहीत होतं. नसीमलासुद्धा माहीत आहे."

त्यांचा चेहरा असा झाला होता की हसू येतंय की रडू, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसावं.

खाली महमूदने रेडिओ लावला होता. धोका टळल्याचा भोंगा झाला, माणसं एकेक करून इस्माईलभाईंच्या बाजूने वर जायला लागली. कुरियन त्यांच्या खांद्याला हात लावून गेले. इस्माईलभाई पायरीवरून हलले नाहीत. ते आता झुलेखाभाभींना आपला गुडघा दुखतो म्हणून सांगत होते. दोन वर्षं झाली, जिना उतरताना जास्त दुखतो, डाव्या बाजूचा. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. मग सांगितलं की सकाळी अंडं करायला घेतलं ते करपलं, म्हणून तसंच चहा पिऊन बसलो होतो. मग विचारलं की तिकडे यंदा आंबा कसा धरला आहे.

मी वरून पाण्याची बाटली आणून त्यांच्या शेजारी ठेवली आणि आमच्या घरी गेले. दार लावून घेतलं आणि शिरीषला फोन लावत बसले.

पुढे ती युद्धाची गडबड आमच्यापुरती लवकर संपली. जून महिन्यात इस्माईलभाईंनी राजीनामा दिला आणि ते कायमचे गेले. कंपनीने निरोप समारंभ केला, त्यात मालकांनी त्यांच्या सेवेचा गौरव करणारं भाषण केलं. इस्माईलभाई उत्तरादाखल उभे राहिले, "आभारी आहे" म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या.

त्या दिवाळीत मी पुण्याहून रत्नागिरीला फोन केला. भाभींनीच उचलला. मी विचारलं, कसे आहेत.

"बोलतात," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून बोलतात. गुडघा कसा आहे, रात्री झोप लागली की नाही, डाळीत मीठ कमी आहे, खाडीवर आज कोण भेटलं, त्याला काय म्हटलं, मग घरी येऊन त्यातलं काय म्हणायचं राहून गेलं. माझं काम राहतं बाजूला."

"कंटाळा येत असेल तुम्हाला," मी म्हटलं.

मागून इस्माईलभाईंचा आवाज येत होता, कुणाचा फोन आहे म्हणून विचारणारा.

"अजून तरी नाही," झुलेखाभाभी म्हणाल्या.